वारं तोंडावर पाहिजे

भाच्यानं बॅगेतून हिरव्या प्लॅस्टिकची बाटली काढून माझ्या हातात दिली. "मामा, हुंगून बघा." झाकण काढलं. पहिल्या पावसानंतर वावरातून येतो तसा वास, पण जरा जास्तच गोड, आणि त्याच्या मागं कुजलेल्या पाल्याचा. ओल्या मातीचा वास बाटलीत भरून विकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

भाचा आठ वर्षं टेक्सासात आहे. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो तीन हंगाम तिकडच्या हरणांच्या शिकारीला गेला आहे. तिकडं परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो, किती जनावरं मारायची याचा आकडाही ठरलेला असतो. मी त्याला त्यावरून कधी टोकलं नाही. दिवाळीला तो आला तो एकच हट्ट घेऊन: "मामा, काळवीट दाखवा. आपल्या मातीवरचं."

आपल्या मातीवरचं, हे तो का म्हणाला ते नंतर कळलं. टेक्सासात काळवीट आहेत. 1932 साली तिथल्या एडवर्ड्स पठारावर ते नेऊन सोडले आणि आता तिथं त्यांचे मोठाले कळप आहेत. आपली रोही, म्हणजे नीलगाय, तीसुद्धा 1920-30 च्या दशकांत दक्षिण टेक्सासातल्या एका मोठ्या रॅंचवर सोडली होती, तीही तिथं रुळली. पोरानं पहिलं काळवीट पाहिलं ते कुंपणाच्या आत, परक्या देशात, आणि त्याला घर आठवलं. हे सांगताना त्याचा आवाज जड झाला होता. म्हणून त्याला न्यायचंच, असं मी त्या रात्री ठरवलं.

बाटलीबद्दल त्यानं सविस्तर सांगितलं. तिकडं याला 'कव्हर सेंट' म्हणतात, म्हणजे माणसाच्या वासावर पांघरूण घालणारा वास. कुणी मातीचा मारतं, कुणी पाइनच्या पाल्याचा, कुणी ओकच्या फळांचा. कोल्ह्याचं, रॅकूनचं मूत बाटलीत मिळतं, ते बुटाच्या तळाला लावतात. वास न येणारा साबण, वास न येणारी कपड्यांची पावडर. कोळशाचा थर दिलेल्या कापडाचे सूटही मिळतात. तिकडची पांढऱ्या शेपटीची हरणं झाडीत राहतात, शिकारी झाडावर मचाण बांधून बसतो, आणि हरीण नजरेला पडायच्या आधीच त्याच्या नाकाला माणूस कळतो. त्यामुळं या सगळ्याचा बाजार मोठा आहे.

मी ऐकत होतो आणि मला माझा आजा आठवत होता.

आजाकडं ठासणीची बंदूक होती, निजामाच्या काळातली. शिकारीला जायच्या आधी दोन दिवस तो विडी सोडायचा. तंबाखू नाही, कांदा नाही, डोक्याला तेल नाही. जायचा सदरा आणि धोतर कडब्याच्या गंजीत खुपसून ठेवायचा, पहाटे ते तसंच अंगावर. हाताला चुलीतली राख चोळायचा. आणि निघताना अंगणात उभा राहून मूठभर राख हळूच सोडायचा. राख ज्या बाजूला गेली त्याच्या उलट्या बाजूनं गावाला वळसा. मला सोबत नेत नसे, मी फार लहान होतो. पण पुढं, बंदूक गेल्यावर, तो मला माळावर नुसताच घेऊन जायचा आणि शिकवायचा. "लेकरा, वास झाकायचा नस्तो, वास मागं सोडायचा अस्तो. वारं तोंडावर पाहिजे."

बंदूक कशी गेली ते सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आडाचं पाणी खरवडून काढावं लागत होतं. जनावरांसाठी हौदात थोडं ओतून ठेवत. दुपारी, ऐन उन्हात, हरणं गावाच्या इतकी जवळ आली की हौदावर शेळ्यांच्या बाजूला उभी राहून पाणी प्यायली. ना वास पाहिला ना माणूस. आजा ओट्यावर बसून बघत होता. माझी आजी सांगायची, त्या दिवशी तो जेवला नाही. त्याच साली वन्यजीवांचा कायदाही आला, पण आमच्या घरातली शिकार त्या हौदावर संपली.

आज काळवीट आणि चिंकारा दोन्ही त्या 1972 च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारलं तर 3 ते 7 वर्षं कैद. आणि कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ फक्त गोळी घालणं एवढाच नाही. फास लावणं, हाकणं, आमिष दाखवून बोलावणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. ते योग्यच आहे. मी दुर्बीण आणि एक जुना कॅमेरा घेऊन बसतो. तरी एक गोष्ट मला मनापासून वाटते: शिकार गेली म्हणून शिकाऱ्याचं नाक आणि त्याची वाऱ्याची समज जाऊ नये. जनावराला न उठवता बघायचं असेल तर तेच ज्ञान लागतं. आजकाल मोटारसायकल माळावर घालून हरणांचा कळप पळवत फोनवर चित्रीकरण करणारी पोरं दिसतात, तेव्हा माझा जीव तुटतो. पळणारं हरीण बघणं म्हणजे हरीण बघणं नव्हे.

तर पहिली पहाट. बालाघाटाच्या कडेला, पाटोद्याच्या बाजूला. मांजरा नदी याच डोंगरात उगम पावते, आणि नायगावचं मोरांचं अभयारण्यही याच भागात. नेमकी जागा लिहीत नाही. जे बघायला जातात ते वाचतील तसे जे मारायला जातात तेही वाचतील.

भाच्यानं बाटली डोक्यापासून बुटापर्यंत मारली. मलाही मारली, मी अडवलं नाही, म्हटलं बघू. नाल्याच्या वरच्या अंगाला उतारावर, एका बोरीच्या आडोशाला आम्ही बसलो. खाली नाल्यात थोडं पाणी होतं. उजाडायला अर्धा तास असेल. गार होतं.

आधी रानडुकरं आली. पाच-सहा, नाल्यातून, एकामागं एक. आमच्यापासून शंभरेक पावलांवर पुढचं डुक्कर थांबलं, सोंड वर केली, जोरात फुरफुरलं आणि सगळी वळून काट्यात घुसली. वारं तर मला जाणवतसुद्धा नव्हतं. काडेपेटीतून रुईची म्हातारी काढली. उन्हाळ्यात रुईची बोंडं फुटली की मी ते रेशमी तंतू काडेपेटीत भरून ठेवतो. लहानपणी फुंकर मारून उडवायचो त्याच म्हाताऱ्या. एक सोडली. ती माझ्या बोटावरून उठली आणि सरळ उतारानं खाली नाल्याकडं निघाली, पाण्यासारखी.

चूक माझी होती, आणि आजानं शिकवलेलीच गोष्ट मी विसरलो होतो. रात्री जमीन निवते, तिच्यावरची हवा गार आणि जड होते आणि उतारानं खाली वाहत नाल्यात साचते. उजाडताना वरच्या अंगाला बसलं की माणसाचा सगळा वास खाली ओघळतो. ऊन चढल्यावर उलटं होतं, तापलेली हवा उतारानं वर चढायला लागते. म्हणून पहाटे खाली बसावं आणि नऊ-साडेनऊनंतर वर. दिवस मावळला की पुन्हा खाली. झाडाचं पान हलत नसलं तरी ही हवा चालत असते. तिला वारा म्हणत नाहीत, पण जनावराच्या नाकाला ती पुरते.

भाचा म्हणाला, "पण स्प्रे मारला होता ना?"

त्यावर आम्ही तिथंच बसून बराच वेळ बोललो, कारण मला स्वतःलाही ते नीट मांडायचं होतं. पिठल्याला लसणाची फोडणी दिली, वर कोथिंबीर घातली, तरी पिठलं खाली लागलं असेल तर घरात शिरताच कळतं. फोडणीचा वास करपलेला वास पुसत नाही. आपलं नाक एवढं साधं असून आपल्याला दोन्ही वेगळे कळतात, मग डुकराच्या नाकाला काय अवघड? मातीच्या वासानं माणूस मातीखाली जात नाही. मातीचा वास अधिक माणूस, एवढंच होतं. अमेरिकेत 2002 च्या सुमारास कोळशाच्या कापडाचे सूट घातलेली माणसं शोधकुत्र्यांना हुडकायला लावली होती. कुत्र्यांनी जवळजवळ सगळी हुडकली.

आणि दुसरं. नोव्हेंबरात आमच्या माळावर ओल्या मातीचा वास कुठून येणार? दसऱ्यानंतर भरड, मुरमाड जमीन वाळून खडखडीत होते. पावसाच्या मातीला जो वास येतो तो मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि तो इतका तीव्र की माणसाच्या नाकालासुद्धा तो अगदी अत्यल्प प्रमाणात कळतो. कोरड्या माळावर तो वास म्हणजे कुणीतरी नवीन आल्याची दवंडी. त्याच्या बाटलीतली माती पानगळीच्या जंगलातली होती. वास त्या जागेचा आणि त्या महिन्याचा पाहिजे, नाहीतर नसलेला बरा.

काळवीट मात्र त्या दिवशी नाकानं नव्हे, डोळ्यांनी गेले. ऊन पडल्यावर माळाच्या पल्याड कळप दिसला, अकरा माद्या आणि एक काळाकुळकुळीत नर. आम्ही वाकून पन्नास पावलं पुढं सरकलो असू, एका मादीनं मान ताठ केली, आणि सगळा कळप एकेक उंच उडी घेत निघून गेला. इथं भाच्याच्या तिकडच्या अनुभवाचा आणि आमच्या माळाचा मोठा फरक आहे. आपण मराठीत सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण काळवीट आणि चिंकारा हे तिकडच्या हरणांच्या कुळातले नव्हेत. त्यांची शिंगं दरवर्षी गळत नाहीत, जन्मभर तीच राहतात. उघड्या माळावर राहणारं जनावर आधी डोळ्यांवर विसंबतं. रोहीचंही तसंच, डोळे आणि कान तिखट, नाक त्यामानानं कमी. झाडीतल्या हरणाला फसवायला निघालेली बाटली माळावर आणून उपयोग नव्हता.

म्हणून काळविटाला वासाचं काही नाही असं मात्र समजू नये. नराच्या डोळ्याच्या कोपऱ्याखाली ग्रंथी असते, तिचा स्राव तो काडीला, काट्याच्या टोकाला लावून ठेवतो. आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालतो आणि त्यावरच बसतो. हा माळ कुणाचा, हे सगळं वासात लिहिलेलं असतं. असा ढीग दिसला तर मी वळसा घालून जातो. आपला बूट त्यावर पडणं म्हणजे कुणाच्या तरी उंबऱ्यावर चिखल टाकणं.

परतताना हरभऱ्याच्या वावरातून आलो. तिथल्या शेतकऱ्यानं बांधावर काय केलं होतं ते भाच्याला दाखवलं. न्हाव्याच्या दुकानातून आणलेले केस बांधाच्या कडेनं टाकले होते, आणि चारी बाजूंनी जुन्या साड्या ताणल्या होत्या. तिकडं माणसाचा वास लपवायला पैसे मोजतात, आमच्याकडं शेतकरी माणसाचा वास मुद्दाम पेरतो. रानडुक्कर जमीन हुंगत चालतं, त्याच्या नाकात केस जातात, वासही येतो, म्हणून काही दिवस फरक पडतो. हरणाला मात्र दोन-चार रात्रींत सवय होते. कोवळे शेंडे खाल्लेला तो हरभरा मी पाहिला. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. हरणावर माया आहे म्हणून त्याच्या नुकसानाकडं डोळेझाक करणं मला जमत नाही, आणि भरपाईसाठी त्यानं किती खेटे घातले हे त्याच्याच तोंडून ऐकलं तेव्हा मान खाली गेली.

त्याच वावराच्या पलीकडं धनगरांचा वाडा उतरला होता. खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात तसा. म्हातारे बाबा घोंगडीवर बसले होते. मी सहज विचारलं, हरणं दिसतात का?

"दिसत्यात म्हंजी? रोजच्याला मेंढरात चरत्यात की. तुमी लपतावा म्हनून पळत्यात."

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. बाबांना सगळं सांगितलं, बाटली दाखवली. त्यांनी ती हुंगली, परत दिली आणि स्वतःची घोंगडी काढून भाच्याच्या खांद्यावर टाकली. "उद्या ही घ्या. अन् लपू नगा. मेंढरामागं चाला, मेंढरासारखं."

दुसऱ्या दिवशी अंघोळीला साबण नाही, डोक्याला तेल नाही, कपड्यांना इस्त्री-अत्तर काही नाही. कपडे आदल्या रात्री कडब्याच्या गंजीत ठेवले होते, आजासारखे. पहाटे वावरातून जाताना हरभऱ्याच्या पानांवरच्या दवानं गुडघ्यापर्यंत भिजलो. ती आंब असते, आंबट, खारट. आमच्याकडं रात्री हरभऱ्यावर पातळ फडकं अंथरून सकाळी पिळून ती आंब साठवायची जुनी रीत आहे, पोटदुखीवर देतात. चालता चालता आमच्या पायांना आपोआप त्या वावराचा, त्या महिन्याचा वास लागला. बाटलीत कधी मिळणार नाही असा.

आणि घोंगडी. मेंढीच्या लोकरीचा वास, धूर, दूध, लेंड्या, पावसाळ्याची कुबट ओल, सगळं एकत्र. भाचा आधी जरा संकोचला, मग त्यानं ती डोक्यावरून घेतली.

वारं तोंडावर घेतलं. मेंढरं पुढं, बाबा काठी टेकत मध्ये, आम्ही मागं, उभे, हळू, थांबत थांबत. हरणांकडं सरळ बघायचं नाही, हे बाबांनी बजावलं होतं. रोखून बघणारी नजर म्हणजे लांडग्याची. तासाभरानं कळप दिसला, तोच. एका मादीनं मान वर केली. आम्ही थांबलो नाही, वळलोही नाही, मेंढरांच्या चालीनं तिरके चालत राहिलो. तिनं मान खाली घातली. थोड्या वेळानं काळवीट आणि मेंढरं यांच्यात साठ-सत्तर पावलांचं अंतर उरलं. नर थांबून बोरीच्या काडीला गाल घासत होता, डोळ्याखालची ती ग्रंथी. शिंगांचे पीळ मोजता आले. भाच्याच्या गळ्यात कॅमेरा होता, त्यानं तो उचलला नाही. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो पुसतही नव्हता.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे काम घोंगडीच्या वासानं झालं की तिच्या आकारानं? मला वाटतं मोठा वाटा आकाराचा आणि चालीचा. धनगर हे त्या हरणांच्या रोजच्या बघण्यातलं माणूस आहे. वासानं शंका घ्यायला जागा ठेवली नाही, एवढंच. पण त्यातूनच मला बाटलीची चूक कळली. बाटली म्हणते, तू इथं नाहीस असं भासव. घोंगडी म्हणते, जे इथं रोज असतं त्यात मिसळ. पुढं मी एकटा गेलो तेव्हा घोंगडीशिवाय, पण मेंढरांमागूनच गेलो आणि तेवढंच जवळ जाता आलं. रानडुकराच्या वाटेवर मात्र घोंगडीसुद्धा फिकी पडली. तिथं वाऱ्याशिवाय दुसरं काहीच कामाला आलं नाही.

ज्यांना बसायचं असेल त्यांच्यासाठी एवढंच. जर्दा, गुटखा, सिगारेट घरी. डास पळवणारं मलम लावू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. कपडे नुसत्या पाण्यानं धुवा. पावडरीत वास असतो आणि कापड उजळ दिसावं म्हणून घातलेलं द्रव्यही असतं. तिकडच्या हरणांवर झालेल्या अभ्यासानुसार त्यांना लाल-केशरी रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, पण निळा चांगला दिसतो, आणि ती उजळ निळसर झाक अर्ध्या उजेडात उठून दिसते. कापडी बुटापेक्षा रबराचे गमबूट बरे, जमिनीवर वास कमी सोडतात. वाटेत फांद्यांना हात लावत जाऊ नका. आणि वारं फिरलं तर उठून निघा. जनावर अजून आलं नसेल तरी. त्या दिवशीची जागा त्याची.

आणि कुणी परदेशातून हरणाच्या मुताची बाटली आणत असेल तर कृपा करून आणू नका. तिकडं हरणांना एक असाध्य रोग आहे, मेंदू झिजवणारा. 1967 साली तो कोलोरॅडोत पिंजऱ्यातल्या हरणांत पहिल्यांदा लक्षात आला, आणि आता बऱ्याच राज्यांत पसरला आहे. तो प्रथिनाच्या बिघाडानं होतो, मुता-लाळेतून बाहेर पडतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. व्हर्जिनिया, व्हरमाँटसारख्या राज्यांनी त्यामुळंच शिकारीसाठी खऱ्या हरणाच्या मुताला बंदी घातली. आपल्या माळावर असलं काही सांडायची जोखीम कुणी घेऊ नये. भाच्याची बाटली मातीच्या वासाची होती, तरी ती मी उघडलेली परत माळावर नेली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही घोंगडी परत द्यायला गेलो. भाच्यानं विचारलं, धुवून आणायला पाहिजे होती का? बाबा घाईनं म्हणाले, "नगं नगं. धुतली तर मेंढरं मला वळखायची न्हाईत." वाडा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला हलणार होता.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोटो आला. तळहातावर पांढऱ्या रेशमी तंतूंचा झुबका. तिकडं मिल्कवीड म्हणून एक चिकाचं झुडूप आहे, आपल्या रुईच्याच कुळातलं, आणि तिकडचे जुने शिकारीही वारं बघायला त्याची म्हातारी सोडतात, असं त्याला तिथल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, काडेपेटी मिळत नाही इथं. औषधाच्या डबीत भरून ठेवल्यात."